पक्कं घर

मेंढरं विकून लासुर्ण्याच्या माळावर विसावलेल्या कुशाबाईला नव्वद साली सरकारनं घरकुल बांधून दिलं. निम्मा जन्म पालात काढलेली ती बाई, दारावरची योजनेची पाटी दर दिवाळीला ओल्या फडक्यानं पुसायची.

सत्त्याण्णव साली शाळेचे गुरुजी गरिबांची यादी करायला आले. रेशनचं स्वस्त धान्य आता सरसकट मिळणार नव्हतं, यादीत नाव लागेल त्यालाच मिळणार होतं. कुशाबाईनं त्यांना घोंगडी अंथरली आणि कौतुकानं भिंतीवर थाप मारली. "पक्की वीट हाय, गुरुजी."

गुरुजींचा हात कागदावरच थांबला. "आजी, पक्कं घर असलं की यादीत नाव बसत नाही."

"अवं, गरीब हाय म्हणून तर घर दिलं न्हवं त्येनी?"

"तेव्हा सरकारला घरं द्यायची होती, आजी. आता धान्यावरचा खर्च आवरायचाय." मान वर न करता गुरुजींनी फुली मारली.

पावसाळाभर कुशाबाईची चूल एकच वेळ पेटली. मग तिनं कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतला.

फेरतपासणीला तालुक्याचे साहेब आले, तेव्हा घराला कुलूप होतं. समोर अंगणात जुनं पाल ठोकून म्हातारी तीन दगडांच्या चुलीपाशी बसली होती.

"मग हे घर कुणाचं?" साहेबांनी विचारलं.



"पाटी वाचा की, सायब. सरकारचं हाय."