बिनसाखरेची कॉफी

पोहे यायच्या आधी मुलीच्या वडिलांनी, गुरुबसप्पांनी, पाण्याचे गिलास उचलून नेले. मलप्पामामांच्या हातातला अर्धा भरलेलासुद्धा.

मामा आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले. भोकरहून निलंग्यापर्यंत एसटीत दणके खात आलेला माणूस.

"पोरगी बघायला आलो का उपास धरायला?" ते भाच्याच्या, वैजनाथच्या, कानात म्हणाले.

वैजनाथचा डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. खाताना पाणी प्यायचं नाही, हा त्याच्या डॉक्टरांचा पहिला नियम. तो पाळण्यासाठी त्यानं लोकांच्या घरी निर्जळी सोमवार सांगितला होता, घसा सांगितला होता, एका लग्नात तर मौनव्रतही सांगितलं होतं. आणि इथं यजमान स्वतः पाणी घेऊन पळाले.

दिवाळीनंतर त्याचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं होतं. त्याआधी वैजनाथ बुलेटवर बसला की बुलेट लुना वाटायची. डॉक्टरांनी जठर कापून केळ्याएवढं ठेवलं. वजन उतरलं, पण सोयरिकी जुळेनात. दोन ठिकाणी ऑपरेशनचं कळलं आणि निरोपच आला नाही. तिसऱ्या ठिकाणी मुलीचा बाप तोंडावर म्हणाला, "ज्याला पोटच न्हाई, तो पोटासाठी कमवंल कशाला?"

तेव्हापासून आईनं त्याचे जुने फोटो ज्वारीच्या कोठीत पुरले आणि शपथ घातली: हळद लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

आधी मटकीची उसळ आली. पोहे मागून आले, तेही लोणच्याच्या वाटीएवढ्या वाटीत. रुद्राणीनं ट्रे पुढं केला तशा तिच्या बांगड्या मनगटावरून घसरत कोपरापर्यंत गेल्या. तिच्या आईनं, उमाबाईंनी, घाईनं त्या खाली ओढल्या. "माप चुकलं कासाराचं," त्या म्हणाल्या.

"उसन्या हायत," मामा कुजबुजले. "लई चिंगूस घर हाय, वैज्या."

वैजनाथला ते अन्नपूर्णेचं घर वाटत होतं. आधी उसळ, मग पोहे, चार घासांत संपेल एवढंच. त्याच्या डॉक्टरांनी वाढलं असतं तर असंच वाढलं असतं.

एवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर उडालं. मागं फोटो होता. सोफा भरून बसलेली एक मुलगी, गालात डोळे बुडालेले, हसणारी.

"ह्या कोण?" मामांनी विचारलं.

"थोरली," उमाबाई म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या.

"कुठं दिली?"

गुरुबसप्पा उठले आणि कॅलेंडर दोन्ही हातांनी भिंतीला दाबून धरून उभे राहिले. बराच वेळ तसेच उभे राहिले. मामांनी मान खाली घातली.

"खाऊन-खाऊन गेली असंल बिचारी," ते हळूच म्हणाले. "म्हणून आता वाट्या लहान केल्या."

मग कॉफीचा वास आला.

वैजनाथ ताठ झाला. ऑपरेशनआधी तो कॉफी तांब्यानं प्यायचा. नंतर बंद. मधल्या काळात तो कॉफीच्या जाहिरातीकडे लोक आरतीकडे बघतात तसा बघायचा. याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते, चालेल, अर्धा कप, पण साखर नको. साखर पोटात गेली की त्याला दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची आणि असेल तिथं आडवं व्हावं लागायचं. पाहुणचाराची कॉफी नाकारली तर मुलगी नाकारल्यासारखं. गोड कॉफी प्यायली तर याच सोफ्यावर आडवं, आणि मग सगळं उघडं.

अर्धा कप भरून आला. बरोब्बर अर्धा.

त्यानं डोळे मिटले आणि घोट घेतला.

कडू. ठार कडू. साखरेचा कणही नाही. तो घोट जिभेवरून उतरला, घशातून उतरला, केळ्याएवढ्या जठरात जाऊन बसला आणि तिथं दिवा लागला. वैजनाथच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे, हे काय!" मामा थुंकता थुंकता थांबले. "साखर कारखान्याच्या मुलखात साखर न्हाई?"

उमाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, सवयीनं राह्यलं!" त्या साखरेचा डबा घेऊन धावल्या.

वैजनाथनं कपावर तळहात ठेवला. "नको! अशीच लई छान हाय."

दाराशी उभ्या रुद्राणीनं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तो घोट घेई, कप ठेवी, थांबे, मग पुढचा घोट. ती बघतच राहिली.

"दोघं बोलून घ्या गच्चीवर," गुरुबसप्पा म्हणाले. कॅलेंडर त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

जिना चढतानाच वैजनाथनं आईची शपथ मोडायचं ठरवलं. ज्या घरात देव स्वतः वाढतो, तिथं खोटं बोलायचं कसं? मुलगी हातची गेली तरी चालेल. चालणार नव्हतं, पण त्यानं ठरवलं.

गच्चीवर हरभऱ्याची डाळ वाळत घातली होती. रुद्राणी कठड्याला टेकून उभी राहिली. एकदम ऑपरेशनवर कसं यायचं? त्यानं दुसरीकडून सुरुवात केली.

"तुमच्या थोरल्या ताईंचं वाईट वाटलं. काय झालं होतं त्यांना?"

"ऑपरेशन."

"कशाचं?"

"वजन कमी करायचं."

आता संपलं. ज्या घरानं हे सोसलं, त्या घरात त्यानं आपलं पोट कोणत्या तोंडानं दाखवायचं? तो डाळीकडे बघत राहिला. "वाईट झालं," एवढंच त्याला सुचलं.

"वाईट कशाचं?" बांगड्या वर सरकवत रुद्राणी म्हणाली. "मी एकुलती एक हाय. तुमचं कुठं केलं, लातूरला का हैदराबादला?"