आपांची बरोबर उत्तरं

चाकू. घोडा. मेंढी. बोरू.

शेवटच्या चित्रात लांडगा होता आणि किर्गिझ भाषेत लांडग्याला बोरूच म्हणतात. डॉक्टर पेरिझात दाखवील त्या चित्राचं नाव अनारखान-आपा फाडफाड सांगत होत्या.

"बघा, आई ठणठणीत आहे," मुलगा बाकास म्हणाला. "तोल जातो, पडते, ते वयामुळे. सगळे डॉक्टर हेच सांगतात."

"मी नाही सांगत. तुझ्या आजोबांचं नाव काय होतं रे?"

"बोरूबाय."

"म्हणजे आपांचे सासरे. मग आपांनी लांडग्याला बोरू म्हटलेलं कधी ऐकलंयस?"

बाकासचा चेहरा उतरला. किर्गिझ रिवाजाप्रमाणे सासऱ्याच्या नावातला शब्दसुद्धा सून तोंडातून काढत नाही. कळपात लांडगा शिरला तरी आई 'शेपट्या आला, शेपट्या आला' असंच ओरडायची.

"जिभेला आवर घालणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो," पेरिझात म्हणाली. "तिथलंच स्कॅन करायचं. आजच."

गाठ निघाली. बिश्केकला नेऊन ती काढलीही.

आपा बोलायला लागल्या तेव्हा पेरिझातने पलंगाशी बसून मुद्दामच विचारलं, "आपा, तुमच्या सासऱ्यांचं नाव काय हो?"

आपांनी तोंड भिंतीकडे वळवलं. बाकास पुढे झुकला.

"आपा, नाव सांगा ना!"

आपांनी डोक्याच्या पट्टीवरून रुमाल पुढे ओढला.

"एवढी शिकलीस," त्या फणकारल्या, "पण तुझ्या सासूने तुला काहीच वळण लावलं नाही का गं?"