या वर्षीचं एकच बाळंतपण

नर्सबाईंनी सुनेच्या दंडाला पट्टा पुन्हा गुंडाळला. रक्तदाब पुन्हा तेवढाच चढलेला आला. पावलं सुजलेली होती आणि सकाळपासून डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, असं ती म्हणत होती.

"हिला आत्ताच शहरात न्यायला हवं," नर्सबाई म्हणाल्या.

सासू उपकेंद्राच्या दारातच उभी होती. तिच्यामागे ओट्यावर सात-आठ म्हातारी माणसं बसली होती. गावात एकसष्ट माणसं उरलेली. त्यांत चाळिशीच्या आतल्या दोघीच, ही सून आणि नर्सबाई. सुनेचा नवरासुद्धा शहरात गाडी चालवायचा. तीन वर्षांत गावात पाळणा हलला नव्हता. मार्चअखेरपर्यंत एकही बाळंतपण झालं नाही, तर हे आरोग्य उपकेंद्र बंद करणार, असं पत्र आलं होतं. मार्चचे नऊ दिवस राहिले होते.

"इथेच होऊ द्या ना बाई," सासू म्हणाली. "माझी चारही घरातच झाली. तुमचं केंद्र टिकेल, आमच्या गोळ्या चालू राहतील."

"एवढं एक जमवाच बाई," ओट्यावरून म्हातारा शिंपी म्हणाला. "आमच्याच्यानं आता ते होणं नाही."

दोघं-तिघं हसले.

"तुला काय वाटतं गं?" नर्सबाईंनी सुनेला विचारलं.

"भीती वाटतेय ताई. पण हे सगळे सकाळपासून बसलेत..."

"त्यांचं मी बघते."

नर्सबाईंनी तिला इंजेक्शन दिलं आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी आली तेव्हा ओट्यावरची सगळी माणसं उठली. शिंप्यानं धावत जाऊन घरातली उशी आणली आणि तिच्या डोक्याखाली सरकवली. नर्सबाई तिच्याबरोबर गेल्या.

ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. आणखी तासभर उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. बाळाची नोंद शहरात झाली. नर्सबाईंनी गावचा वर्षाचा अहवाल भरला. जन्म शून्य, मृत्यू सात.

मे महिन्यात केंद्राचं सामान न्यायला टेम्पो आला. त्याच दिवशी सासू आली. तिला फोनवर नीट ऐकू यायचं नाही.

"मुलाला लावा ना फोन," ती म्हणाली. "बाळाला घेऊन कधी येतायत विचारा. दुपटी धुऊन ठेवलीत."

नर्सबाईंनी फोन लावला.

"ताई, तुमच्यामुळे माझ्या दोघी वाचल्या," मुलगा म्हणाला. "पण आईला तुम्हीच समजावा. एवढंसं पोर घेऊन तिथे कसं राहायचं? अडीअडचणीला गावात आता दवाखाना तरी आहे का?"

बाहेर हमाल तपासणीचं टेबल टेम्पोत चढवत होते. नर्सबाईंनी फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"पोरगी चांगली बाळसं धरतेय म्हणाला."

"धरणारच," सासू म्हणाली. "इथली हवा लागू दे, मग बघा."