बारकीचा पाय

दत्ताराम खळ्यात येऊन टेकायच्या आधीच साळूबाईंनी सांगून टाकलं, "बारकीचा पाय मोडलाय."

कोणी विचारलं नव्हतं. पण खोटं बोलायची सवय नसली की माणसाला अशीच घाई होते.

आंबेनळी घाटात मोटारसायकल लावून दत्ताराम अर्धा तास चढून आले होते. महाडात त्यांच्या सुलतानचं नाव मोठं. तो ग्रेहाऊंड कुत्रा शोमध्ये उभा राहिला की बाकीचे मालक आपापल्या कुत्र्यांकडे उगाच रागानं बघायला लागत. चार महिन्यांपूर्वी त्याची साळूबाईंच्या हरणी कुत्रीशी सोयरीक झाली, तेव्हापासून हे दोघं एकमेकांना व्याही आणि विहीण म्हणत. आधी थट्टेनं, मग सवयीनं. नराच्या मालकानं दुसरं काही मागायचं नाही, पिलं दोन महिन्यांची झाली की पहिलं पसंतीचं पिलू त्यानं न्यायचं, असा रिवाज. साळूबाईंनी हसत हसत होकार दिला होता. तेव्हा बारकी जन्मायची होती.

पिलं पाच. दत्तारामांनी एकेकाला पोत्यावर उभं केलं. मान लांब आहे का, छाती खोल आहे का, शेपूट मागच्या पायाच्या सांध्यापर्यंत पोचते का, सगळं हातानं चाचपून पाहिलं. चार पिलं झाली. पाचवी बारकी साळूबाईंच्या मांडीवर होती. तिच्या मागच्या उजव्या पायाला जुन्या लुगड्याची पट्टी, वर हळदीचा लेप.

जन्मली तेव्हा ती मुठीएवढी होती. आईचं दूध ओढायचीही ताकद नव्हती. साळूबाईंनी कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून तिला जगवलं. आता भावंडांत तीच सगळ्यांत उंच झाली होती, आणि साळूबाईंचं खरं दुखणं तेच होतं.

"बघू तरी जरा," दत्ताराम म्हणाले.

"हात नका लावू. लय कळवळते ती."

बारकी त्या वेळी पट्टीची गाठ मजेत चावत होती. "गप गो बारके," म्हणून साळूबाईंनी तिचं तोंड दाबलं.

दत्ताराम लांबूनच बघत राहिले. त्यांचा आवाज खाली आला. "पाठीची कमान बघा हिची, विहीणबाई. अशी पाठ मी सुलतानच्या आईची बघितली होती. त्यानंतर आजच बघतोय."

साळूबाईंना बरं वाटलं. लेकीचं कौतुक कोणाला नको असतं? पण बरं वाटायची ही वेळ नव्हती.

"पाठ घिऊन काय करायचीय? लंगडी ती लंगडीच. तो काळा न्या. लय गुनाचा हाय."

दत्तारामांनी सुस्कारा सोडला आणि काळ्याला उचललं. "बरं. काळा तर काळा."

साळूबाईंचा जीव भांड्यात पडला. बारकीला खाली ठेवून त्या चहा टाकायला उठल्या.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. कुंपणाच्या काट्यांत अडकलेली प्लास्टिकची पिशवी सुटली आणि खळ्यातून भुर्रकन उडाली. या जातीच्या कुत्र्याला काही पळताना दिसलं की ते मागे लागणारच, मग ते दोन महिन्यांचं पिलू का असेना. खाली असलेली चारही पिलं सुटली. सगळ्यांच्या पुढे बारकी. पट्टी कधीच सुटून मागे फरफटत होती. चार झेपांत तिनं खळं ओलांडलं, पिशवी अधांतरी पकडली आणि शेपूट हलवत आणून साळूबाईंच्या पायाशी टाकली.

दत्तारामांनी काळ्याला हळूच खाली ठेवलं.

"विहीणबाई, तुमच्या हळदीला भलताच गुण आला."

साळूबाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं त्यांना.

"पाय धड हाय तिचा," त्या म्हणाल्या. "मीच बांदली पट्टी. माजं चुकलं. शब्द दिलावता मी तुमाला. न्या तिला."

क्षणभर त्यांना वाटलं, हा माणूस काळ्यावरच राजी राहील. पण दत्तारामांची नजर बारकीच्या पाठीवरून हलत नव्हती. अशी पाठ बघितलेला माणूस तिला मागे ठेवून डोंगर उतरत नसतो. हे साळूबाईंना कोणी सांगायला नको होतं. दोन महिने त्याच पाठीकडे बघत त्यांच्या भाकऱ्या करपत होत्या.

दत्तारामांनी पट्टीचा उरलेला वेढा सोडला. पायावरची हळद आपल्या रुमालानं पुसली. रागाचा शब्दही काढला नाही, आणि तेच साळूबाईंना जास्त लागलं. त्यांनी आतून लुगड्याचा मोठा तुकडा आणला, बारकीला त्यात गुंडाळलं आणि दत्तारामांच्या हातात दिलं.

"रातची कुडकुडते ती," एवढंच म्हणाल्या.

चार पावलं जाऊन दत्ताराम थांबले. बारकीनं त्यांच्या खांद्यावरून मान काढून मागे बघितलं.

"विहीणबाई, ही मोठी होईल. शोला उभी राहील. मग कधीतरी हिला दिवस जातील." ते जरा घुटमळले. "पहिलं बाळंतपण माहेरीच करायची रीत आहे ना आपल्यात?"

इतका वेळ आवरलेलं पाणी आता कुठं साळूबाईंच्या डोळ्यांतून वाहिलं. पदरानं त्यांनी तोंड पुसलं. मग समोरच्या रानाकडे बघून म्हणाल्या,

"मंग लाडवाचा डिंक आतापासूनच गोळा कराया लागंल मला."