गुळगुळीत दस्ता

"हीच ती, आजी!" मी जुनी लष्करी रायफल टेबलावर ठेवली. लढाईत गेलेल्या त्यांच्या नवऱ्याच्या शेवटच्या पत्रातला नंबर आणि नळीवरचा नंबर जुळत होता. जुनी हत्यारं जमवण्याच्या माझ्या वीस वर्षांच्या छंदात असं प्रथमच घडलं होतं.

आजींनी लाकडी दस्त्यावरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. "ह्यावर त्यांनी चाकूनं 'हौसा' कोरलं हुतं. माझं नाव. त्यापायी सायबानं शिक्षाबी दिली हुती."

दस्ता काचेसारखा गुळगुळीत होता. लिलावातून आणल्यावर ती वेडीवाकडी अक्षरं मीच पॉलिश पेपरनं घासून काढली होती. दोन दिवस लागले होते, इतकी खोल होती.

"ही न्हवं ती," आजी पत्राची घडी घालत म्हणाल्या. "असू दे ल्येका, आकडा वाचताना चुकला असशील."

मी होकारार्थी मान हलवली.