आसिबीचा नकार

"मग गाडी गेली कुठं?" डॉक्टर अकोल्गोंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"मोठ्या रुग्णालयानं मागून घेतली," गाड्यांचं काम बघणारा इब्राहिम म्हणाला.

"मागणारच! बाळंतीण अडलीय हे आम्हाला कळवलं कुणी?" मोठ्या रुग्णालयाची मेट्रन उसळली.

टेबलाभोवती डॉक्टरांच्या हाताखालच्या साखळीतल्या पाचही दवाखान्यांचे प्रमुख बसले होते. लामिसी सगळ्यांत टोकाला. सीमेलगतच्या तिच्या छोट्या केंद्रातून अडलेल्या आसिबी आयाम्बाला पुढं पाठवायचं होतं. सकाळी बोलावलेली गाडी दिवेलागणीला आली, तोवर भावांनी आसिबीला तीनचाकीत घालून नेलं होतं. मोठ्या रुग्णालयात ती पोचलीच नाही. महिन्याच्या अहवालात नोंद पडली: मातामृत्यू, एक.

चौकशी होईपर्यंत घरच्यांना भेटायचं नाही, असा लेखी हुकूम होता. तीन आठवडे लामिसीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"मी तीनदा फोन केला," ती म्हणाली. "साखळीच्या ठरलेल्या नंबरवर. उचललाच नाही."

सगळे पंख्याकडं बघू लागले. तो फोन डॉक्टर अकोल्गोंच्याच कार्यालयात असतो, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. आवाज एकदम मऊ झाला.

"सिस्टर, आठवून बघा हं. कधी कधी बायकाच पुढं जायला तयार होत नाहीत. घरी लेकरं असतात, मोठ्या दवाखान्याची भीती असते. अशा वेळी दोष कुणाचाच नसतो."

लामिसीनं नकारार्थी मान हलवली.

"नाहीतर मला प्रत्येकाची चौकशी करावी लागेल," ते म्हणाले. "सुरुवात तुमच्यापासून. तुमचा परवाना..."

"बोल गं बाई," मेट्रन कुजबुजली. "मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

लामिसीला आसिबीचा घामेजलेला हात आठवला. तिचं मनगट घट्ट धरून आसिबी एकच म्हणत होती, मला लवकर पाठवा.

"हो," लामिसी म्हणाली. "तिनंच नकार दिला."

खुर्च्या करकरल्या. कुणीतरी पाण्याची बाटली उघडली. इब्राहिम चक्क हसला. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं ओळ लिहिली आणि कागद लामिसीपुढं सरकवला. तिनं सही केली. मग एकेक करून सगळ्यांनी केली.

"आसिबी आयाम्बा प्रकरण बंद," डॉक्टर मोठ्यानं म्हणाले.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. पाठीशी तान्हं बांधलेली एक बाई उंबऱ्यात उभी होती.

"सीमेपलीकडच्या दवाखान्यात बाळंत झाले. बाळाच्या जन्माचा तिथला कागद इथं चालतो का, विचारायला आलेय," ती म्हणाली. "कधीची बाहेर बसलेय. आत सारखं माझं नाव घेताय, पण बोलवत कुणीच नाही!"