दोन भागांमधला खोकला

तळघरात सापडलेली जुनी तबकडी वाल्ट्राउटने दुपारच्या कॉफीबरोबर लावली. तिच्यावर लाइपझिगच्या एका मैफलीचं ध्वनिमुद्रण होतं; लहानपणी त्या मैफलीला ती आणि धाकटी रोझविटा बाबांबरोबर गेल्या होत्या.

सिंफनीच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात. त्या मधल्या शांततेत सारं सभागृह खोकून घेतं. तबकडीवर पहिला भाग संपला, आणि हजार माणसांच्या सभागृहात फक्त दोघीजणी खोकल्या.

“हा तुझा, ताई! अंडं घालणाऱ्या कोंबडीसारखा,” रोझविटा खिदळली. “आणि हा माझा.”

“मग बाबा? सगळ्यांत मोठ्यानं तर तेच खोकले होते.”

“बाबा कधीच गेले की गं.”

“अगं, पण तेव्हा होते ना!”

रोझविटाने तोंडाशी नेलेला केक खाली ठेवला.

दुसरा भाग संपला. या वेळी एकच खोकला ऐकू आला. रोझविटाचा.

वाल्ट्राउटने घाईघाईने खोकून पाहिलं. आवाज आला नाही.